लेखनशिक्षण, बहुमाध्यमी

शब्दांच्या जोडीला चित्र, छायाचित्र, ध्वनिमुद्रण, चलच्चित्र वा प्रत्यक्ष वस्तू यांचा उपयोग करून विद्यार्थ्याकडून एखादी रचना करवून घेणे आणि त्या रचनेत त्याने केलेल्या निवडींची कारणे त्याच्याकडून लिहवून घेणे, अशी लेखन शिकविण्याची पद्धती. हिचे पहिले अंग चटकन डोळ्यांत भरते. तथापि लेखनाचे शिक्षण बव्हंशी दुसऱ्या अंगातून होते.

रूढ पद्धतीत शिक्षकाने विषय द्यावा, विद्यार्थ्याने निबंध लिहावा व शिक्षकाने तांबड्या शाईने चुका दाखवाव्यात, असा क्रम असतो. लिहिणाऱ्याला परीक्षकाखेरीज वाचक नसतो. ही कोंडी फोडण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न फ्रेंच शिक्षक सेलेस्तँ फ्रेने (१८९६–१९६६) यांनी केला. दक्षिण फ्रान्समधील बार-स्युर-लू येथील खेड्याच्या शाळेत त्यांनी १९२४ मध्ये एक लहान मुद्रणयंत्र आणले. मुलांनी स्वेच्छेने लिहिलेल्या मजकुरांतून एक निवडला जाई, सर्वांनी मिळून फळ्यावर त्याचा कस लावला जाई, मग मुले स्वतः खिळे जुळवून तो छापत व दूरच्या शाळांकडे पाठवीत. एकेक अक्षर हाताने जुळवावयाचे म्हटल्यावर अनावश्यक वाक्य आपोआप जड वाटू लागते. साधनाने लेखनाला लावलेली ही शिस्त पुढील सर्व बहुमाध्यमी प्रयोगांच्या मुळाशी आहे.

महाराष्ट्रातील शाळांची हस्तलिखिते व भित्तिपत्रके याच जातीची होत. मात्र बहुधा सुवाच्य अक्षराच्या विद्यार्थ्याने नक्कल करावयाची, चित्रकलेत गती असणाऱ्याने चौकटी रंगवावयाच्या, अशी वाटणी होते. मूळ लेखकाचा संबंध तेथेच संपतो आणि हे वाक्य येथे का, हे चित्र कशासाठी, हे त्याला कोणी विचारीत नाही.

हा प्रश्न विचारण्यामागील भूमिका जॉन ड्यूई (१८५९–१९५२) यांच्या विमर्शी विचाराच्या कल्पनेत सापडते. जॅनेट एमिग यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना लिहिता लिहिता मोठ्याने विचार करावयास लावले. लेखन आराखड्यापासून सरळ रेषेत पुढे जात नाही, ते मागे वळते, थबकते, हे त्यातून दिसून आले. १९९६ मध्ये ‘न्यू लंडन गट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दहा अभ्यासकांनी साक्षरतेच्या कल्पनेत शब्दाबरोबर दृश्य, ध्वनी व अवकाश यांनाही स्थान दिले.

अमेरिकेतील जोडी शिप्का यांच्या २०११ मधील ग्रंथात एक लक्षणीय उदाहरण आहे. त्यात एक संशोधनपर निबंध बॅले नृत्याच्या गुलाबी पादत्राणांवर हाताने लिहून सादर केलेला आहे. हे लेखन की हस्तव्यवसाय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. शिप्का यांच्या पद्धतीत प्रत्येक रचनेसोबत विद्यार्थ्याने उद्दिष्टे व निवडी यांचे सविस्तर लेखी निवेदन जोडावे लागते. कोणता परिणाम साधावयाचा होता, त्यासाठी कोणते पर्याय होते, त्यांतील कोणते टाकले व का, हे त्यात सांगावयाचे असते. निवेदन नसेल, तर ती पादत्राणे केवळ शोभेची वस्तू ठरतील.

स्वतःच्या आवाजातील दोनतीन मिनिटांची ध्वनिचित्रकथा हा प्रकारही रूढ झाला आहे. तीत संहिता साधारणतः तीनशे शब्दांच्या आसपास असते. घराचे छायाचित्र पडद्यावर असता ‘आमचे घर कौलारू होते’ हे वाक्य वाचण्याचे कारण उरत नाही. विद्यार्थी ते गाळतो आणि त्या जागी छायाचित्रात न दिसणारे काही सांगू लागतो. शब्दाचे काम कोणते व चित्राचे कोणते, हा विवेक पुढे नुसत्या गद्यातही उपयोगी पडतो.

पद्धतीचे दोषही आहेत. साधने सर्वांना सारखी उपलब्ध नसतात आणि झगमगीत सादरीकरणाला अधिक गुण पडण्याचा धोका असतो. अधिक गंभीर दोष चिंतनपर निवेदनाचा आहे. ‘आधी मला येत नव्हते, आता येते’ ही कबुली गुण मिळवून देते, हे विद्यार्थी लवकर ओळखतात व तिचा साचा होतो. म्हणून प्रश्न मोघम नसावा. कच्चे खर्डे समोर ठेवून विशिष्ट ओळीविषयी विचारावे. २०२२ नंतर मजकूर रचणाऱ्या संगणकीय प्रणाली सर्वत्र पोहोचल्याने निबंध विद्यार्थ्याचाच आहे किंवा कसे, हे ठरविणे कठीण झाले. निवेदनही यंत्राकडून लिहविता येते. त्यामुळे खर्डे पाहत वर्गात घेतलेली तोंडी चर्चा लेखी निवेदनाला जोडणे अनेक शिक्षकांना आवश्यक वाटते. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात तिला वेळ कोठून काढावयाचा, हा प्रश्न मात्र सुटलेला नाही.