हिऱ्याची प्रकाशसंवाहकता

अंधारात ठेवलेला हिरा विजेला जवळजवळ संपूर्ण अटकाव करतो. त्याच्या दोन बाजूंना धातूची अग्रे जोडून विद्युत्‌दाब दिला, तरी प्रवाहमापकाचा काटा जागचा हलत नाही. परंतु त्याच हिऱ्यावर जंबुपार प्रकाश टाकला, की क्षीण प्रवाह वाहू लागतो. या गुणधर्मास प्रकाशसंवाहकता म्हणतात. सेलेनियममध्ये तो १८७३ साली विलोबी स्मिथ यांना आढळला होता. हिऱ्यातील प्रकाशसंवाहकतेचा पद्धतशीर अभ्यास पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीतील गटिंगेन येथे गुडेन आणि पोल यांनी केला.

हिऱ्यातील प्रत्येक इलेक्ट्रॉन दोन कार्बन अणूंमधील बंधात अडकलेला असतो. त्याला मोकळे करण्यास सुमारे ५.५ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते. दृश्य प्रकाशाच्या कणापाशी फार तर याच्या निम्म्याहून थोडी अधिक ऊर्जा असते. म्हणून सुमारे २,२५० अँगस्ट्रॉम किंवा त्याहून कमी तरंगलांबीचा प्रकाश या कामी प्रभावी ठरतो.

तथापि सगळेच हिरे या बाबतीत सारखे वागत नाहीत. रॉबर्टसन, फॉक्स आणि मार्टिन यांनी १९३४ मध्ये हिऱ्यांचे दोन प्रकार दाखवून दिले. पहिल्या प्रकारचे हिरे साधारण ३,००० अँगस्ट्रॉमच्या खालील प्रकाश अडवितात आणि त्यांची प्रकाशसंवाहकता अल्प असते. दुसऱ्या, दुर्मिळ प्रकारचे हिरे २,२५० अँगस्ट्रॉमपर्यंत पारदर्शक असतात व चांगली प्रकाशसंवाहकता दाखवितात. जवाहिऱ्याच्या नजरेस मात्र दोन्ही सारखेच निर्मळ दिसू शकतात. मग हा भेद कशामुळे?

या प्रश्नाने चंद्रशेखर वेंकट रामन यांना झपाटले होते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील त्यांच्या प्रयोगशाळेत १९४० नंतरच्या काही वर्षांत हिऱ्याची जणू झडतीच घेतली गेली. डी. डी. पंत यांनी हिऱ्याच्या प्रकाशसंवाहकतेची मापने १९४४ मध्ये प्रसिद्ध केली. अ‍ॅना मणी यांनी तीसहून अधिक हिऱ्यांच्या अनुस्फुरणाचे वर्णपट घेतले. हिरा द्रवरूप हवेच्या तापमानास थंड करून छायाचित्रण काच पंधरा ते वीस तास प्रकाशात ठेवावी लागे. रात्र प्रयोगशाळेतच काढणे ओघानेच आले. एवढे होऊनही, पदव्युत्तर पदवी नाही या कारणास्तव मद्रास विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट नाकारली. त्या कामाची प्रत पाहता हा निर्णय करंटेपणाचाच म्हटला पाहिजे.

रामन यांनी या सर्व निरीक्षणांवरून असा निष्कर्ष काढला, की भेद हिऱ्याच्या अंतर्रचनेतच आहे. कार्बन अणूंची सममिती दोन भिन्न प्रकारची असू शकते. इंग्लंडमधील स्फटिकशास्त्रज्ञ कॅथलीन लॉन्सडेल यांना हे मान्य नव्हते व वाद बराच रंगला. उलगडा १९५९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाला. कायझर आणि बाँड यांनी दाखविले, की पहिल्या प्रकारच्या हिऱ्यांत नायट्रोजनचे अणू शिरलेले असतात. काही नमुन्यांत त्यांचे प्रमाण ०.२ टक्क्यापर्यंत भरले. हा नायट्रोजन जंबुपार प्रकाश आधीच गिळतो, आणि मोकळ्या झालेल्या इलेक्ट्रॉनांना वाटेत अडकवूनही ठेवतो. रामन यांनी आपले मत सोडले नाही. पण त्यांचा सिद्धांत मागे पडला. बंगळूरची मापने मात्र टिकली, कारण ती कोणत्याही सिद्धांताच्या आधारे उभी नव्हती.

नायट्रोजनचा दोष कळल्यावर तो टाळण्याचा मार्गही खुला झाला. मिथेन व हायड्रोजन या वायूंपासून अतिशुद्ध हिऱ्याचे थर प्रयोगशाळेत वाढविता येऊ लागले, आणि खाणीत योगायोगाने सापडणारा दुसरा प्रकार हवा तेव्हा मिळू लागला. अशा हिऱ्यावर दृश्य सूर्यप्रकाशाचा फारसा परिणाम होत नाही. सूर्याचे जंबुपार किरण मोजताना इतर संवेदकांपुढे ठेवावे लागणारे गाळक त्यामुळे पुष्कळसे टळतात. २००९ मध्ये सोडलेल्या प्रोबा-२ या युरोपीय उपग्रहावरील लायरा हे उपकरण याच हेतूने हिऱ्याच्या संवेदकांनी सज्ज करण्यात आले.