"सर्व" म्हणण्यापूर्वीं

वादांत "सर्व", "सदैव", "कधींच नाहीं" हे शब्द जितके सहज उच्चारले जातात, तितकेच ते निभावण्यास कठीण असतात. असला सार्वत्रिक सिद्धांत पाडावयास शंभर प्रमाणें लागत नाहींत. एक खरें प्रत्युदाहरण पुरतें. नैयायिकांनीं यास व्यभिचार ही संज्ञा दिली आहे. "जेथें धूर, तेथें अग्नि" हा नियम टिकतो. परंतु तो उलटवून "जेथें अग्नि, तेथें धूर" असें कोणी म्हणेल, तर लोहाराकडील तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा त्याच्या आड येतो.

गणितांतही अनुकूल उदाहरणांची केवळ संख्या कामास येत नाहीं. फर्मा या फ्रेंच गणितज्ञाचा समज असा होता कीं, ३, ५, १७, २५७, ६५५३७ या क्रमांतील यच्चयावत् संख्या अविभाज्य असतात. मागील संख्येंतून १ वजा करून बाकीचा वर्ग करावा व त्यांत १ मिळवावा, म्हणजे पुढील संख्या येते. १७३२ सालीं ऑयलरनें दाखविलें कीं, यापुढचीच संख्या ४२९४९६७२९७ ही ६४१ नें निःशेष भागली जाते. पांच साक्षीदार अनुकूल असतां सहाव्यानें खटला बुडविला!

परंतु हें शस्त्र उपसण्यापूर्वीं प्रतिपक्षाचें मूळ विधान नीट ऐकून घ्यावें, अशी आमची वाचकांस विनंती आहे. घरांतील तरुणास तंबाखूपासून परावृत्त करूं लागावें, तों उत्तर येतें, "आजोबांनीं जन्मभर तंबाखू खाल्ली आणि नव्वदी पाहिली!" दाखला खरा, पण तो पाडतो कोणतें विधान? "तंबाखू खाणाऱ्या प्रत्येकास कर्करोग होतो," हें. तसें डॉक्टर म्हणतच नाहींत. तंबाखूनें मुखाच्या कर्करोगाचा संभव पुष्कळ वाढतो, एवढेंच त्यांचें म्हणणें. आणि त्यास एकटे आजोबा बाध आणूं शकत नाहींत.

दोष मात्र कित्येकदां उपदेश करणाराचा असतो. धाक बसावा म्हणून तो "खाशील तर रोग होणारच" असें बोलून जातो, आणि मुलाच्या हातीं आयतें प्रत्युदाहरण देतो. विधान पडलें, कीं त्यामागील सत्यही मुलाच्या दृष्टीनें पडतें. लोखंडाचा गोळा पाहून नैयायिकांनीं धूर आणि अग्नि यांचा विचार सोडून दिला नाहीं. इंधन ओलें असेल तरच अग्नीपासून धूर निघतो, असें सांगून त्यांनीं नियमाची मर्यादा नेमकी केली. घरांतील वडील माणसांनींही तेंच करावें, असें आम्ही म्हणतों. जेवढें खरें, तेवढेंच बोलावें. मग आजोबांस साक्षीला आणून मुलाची सुटका व्हावयाची नाहीं.