डूलॅली

अनौपचारिक इंग्रजीतील खुळा, वेडसर या अर्थाचे विशेषण. ते नासिकजवळील देवळाली या ग्रामनामाचा अपभ्रंश होय. ब्रिटिश अमदानीत सेवेची मुदत संपलेले गोरे सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत देवळालीच्या लष्करी छावणीत राहत. सैन्यवाहू जहाजे मुख्यतः हिवाळी हंगामातच सुटत. त्यामुळे अनेकांना कित्येक महिने रिकामपणी काढावे लागत. उष्मा, आजार व कंटाळा यांमुळे काहींचे मानसिक संतुलन ढळे. या अवस्थेस सैनिक ‘डूलॅली टॅप’ म्हणत. यातील ‘टॅप’ म्हणजे हिंदुस्थानीतील ‘तप’ (ज्वर). फ्रँक रिचर्ड्‌स या माजी सैनिकाच्या ओल्ड सोल्जर साहिब (१९३६) या आठवणींत तिचे वर्णन आहे. पुढे ‘टॅप’ गळून केवळ ‘डूलॅली’ उरले. आता हा शब्द बहुधा थट्टेने योजला जातो. त्यामागील सैनिकांची मनोव्यथा मात्र विस्मृतीत गेली आहे.