एक लिटर पाणी आणि पाव ग्रॅम सिलिकॉन

सूर्यातला एक किलो ऐवज किती उष्णता देतो? ०.०००२ वॉट. सूर्याची सगळी ताकद, म्हणजे ३८ वर पंचवीस शून्यं इतके वॉट, त्याच्या वजनावर, म्हणजे २ वर तीस शून्यं इतक्या किलोंवर वाटली की वाट्याला एवढंच येतं. पाच टन सूर्य एकत्र केला तर जेमतेम एक वॉट निघेल. जेवून आडवा झालेला माणूससुद्धा किलोमागे त्याच्या सहा-सात हजार पट उष्णता सोडत असतो. सूर्य तापतो तो प्रखर आहे म्हणून कमी आणि अवाढव्य आहे म्हणून जास्त.

आता परभणीतल्या एखाद्या दहा बाय दहाच्या खोलीत, काचेच्या कॅबिनेटमध्ये बसवलेला प्रोसेसर घ्या. एएमडीचा रायझन ९ ७९५०एक्स, २०२२ सालचा. त्याच्यात प्रत्यक्ष आकडेमोड करणारे सिलिकॉनचे दोन तुकडे असतात, प्रत्येकी सुमारे ७१ चौरस मिलिमीटरचे. दोन्ही शेजारी ठेवले तरी दीड चौरस सेंटीमीटर भरत नाहीत. जाडी पाऊण मिलिमीटर धरली तर दोघांचं मिळून वजन पाव ग्रॅम. हा प्रोसेसर जोरात चालतो तेव्हा २३० वॉटपर्यंत वीज ओढतो. त्यातले १८० वॉट या दोन तुकड्यांत खर्च होतात असं धरू. मग किलोमागचा हिशेब येतो सात लाख वीस हजार वॉट. सूर्याच्या साडेतीनशे कोटी पटीहून जास्त.

सूर्याला किलोच्या मापात हरवणं सोपं आहे हे वर पाहिलंच, तेव्हा दुसरं माप लावू. मे महिन्यात भर दुपारी परभणीच्या गच्चीवर पडणारं ऊन चौरस मीटरला साधारण १,००० वॉटचं असतं, म्हणजे चौरस सेंटीमीटरला ०.१ वॉट. त्यात अनवाणी उभं राहवत नाही. या सिलिकॉनच्या पाठीवर चौरस सेंटीमीटरला सव्वाशे वॉट असतात. त्या उन्हाच्या साडेबाराशे पट.

आणि ही उष्णता काढून घेतलीच नाही तर? पाव ग्रॅम सिलिकॉन एक अंशाने तापायला ०.१८ ज्यूलसुद्धा लागत नाहीत. १८० वॉट आत येताहेत आणि बाहेर काहीच जात नाही असं क्षणभर धरलं, तर तापमान सेकंदाला हजार अंशांनी चढतं. पन्नास अंशांवरून पंचाण्णवला पोचायला सेकंदाचा विसावा-बाविसावा भाग पुरतो. डोळ्याची एक उघडझाप याहून सावकाश होते. प्रत्यक्षात तांब्याची टोपी आणि वरचा धातू काही क्षण भार घेतात, आणि ९५ अंशांना हा प्रोसेसर स्वतःच आपला वेग आवरतो. म्हणून जळून जात नाही.

या दोन तुकड्यांत मिळून १,३१४ कोटींच्या आसपास ट्रान्झिस्टर आहेत. २०११ च्या जनगणनेत परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार होती, म्हणजे माणशी सात हजारांवर. एवढे ज्वारीचे दाणे मोजले, हजार दाण्यांचं वजन ३० ग्रॅम धरून, तर ३,९०० क्विंटल भरतात. मोंढ्यात दहा टनांचे चाळीस ट्रक उभे करावे लागतील. प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या वाट्याला सरासरी येणारी वीज मात्र एका वॉटच्या एक अब्जाव्या भागाच्या चौदाएक पट. दाणा क्षुल्लक, रास मोठी.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० च्या सुमारास उभा राहिलेला टिफ्रॅक हा संगणक निर्वात नळ्यांवर चालायचा, आणि त्यात २,७०० नळ्या होत्या. अशा एका नळीचा आतला तंतू तापवायलाच दोनेक वॉट लागतात. आजच्या या एका प्रोसेसरच्या दोन तुकड्यांतले ट्रान्झिस्टर नळ्यांनी बनवायचे ठरवले तर नुसत्या तंतूंना २६,००० मेगावॉट लागतील. कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट आहे. म्हणजे तेरा कोयना, एका टेबलाखालच्या डब्यासाठी. आपण ते २३० वॉटमध्ये भागवतो. पण भागवतो ते नखाएवढ्या जागेत, आणि सगळी पंचाईत तिथे आहे.

या प्रोसेसरच्या जोडीला ग्राफिक्स कार्ड घेतलं, उदाहरणार्थ एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०९०, तर त्याचे आणखी ४५० वॉट. (हे कार्ड २०२२ साली भारतात एक लाख पंचावन्न हजारांना आलं. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,३०० रुपये होता. छत्तीस क्विंटल सोयाबीन घालून एक कार्ड, आणि ते खेळण्यासाठी! घरी हे कसं सांगायचं, याचं सूत्र अजून कोणी काढलेलं नाही.) दोन्ही एकाच वेळी शिखरावर क्वचितच असतात, म्हणून पुढच्या हिशेबाला एकूण ६०० वॉट धरू.

ही उष्णता हवेने काढायची तर हवा १० अंशांनी तापू देऊन मिनिटाला तीन हजार लिटर हवा फिरवावी लागते. पाण्याने काढायची तर मिनिटाला एक लिटरही लागत नाही. एक लिटर पाणी एक लिटर हवेच्या साधारण साडेतीन हजार पट उष्णता पोटात घेतं. पाण्याची ही एवढीच खुबी आहे, बाकी ते उष्णतेचं वाहक म्हणून सामान्यच. तांबं त्याच्या साडेसहाशे पट चांगलं. पाणी जागेवर थांबलं तर काही कामाचं नाही, ते वाहतं म्हणून कामाचं.

हौशी माणूस स्वतः जुळवतो त्या पाण्याच्या फेऱ्यात, म्हणजे लूपमध्ये, असतं काय? प्रोसेसरवर आणि कार्डावर बसणारे तांब्याचे ब्लॉक, त्यांच्या पोटात मिलिमीटरच्या काही दशांश अंतरावर कोरलेल्या पातळ पट्ट्या, एक छोटा पंप, पाणी भरायची टाकी, नळ्या, आणि पंखे लावलेले रेडिएटर. पाणी एकूण लिटरभर. तेही बोअरचं चालत नाही. परभणीच्या बोअरच्या पाण्याने कूलरच्या जाळीवर पांढरा थर चढतो तो पाहिला असेल, तोच थर त्या पट्ट्यांत चढला की ब्लॉक बाद. म्हणून इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर, आणि त्यात शेवाळ आणि गंज रोखणारं औषध. गॅरेजमधला गाडीचा जुना रेडिएटर जोडून पैसे वाचवायचा मोह पुष्कळांना होतो. तो बहुधा ॲल्युमिनियमचा असतो. तांब्याचे ब्लॉक आणि ॲल्युमिनियमचा रेडिएटर एकाच पाण्यात आले की त्यांची बॅटरीच तयार होते आणि ॲल्युमिनियम झिजत जातं. हा जुगाड करू नये.

सगळं जुळवलं की मदरबोर्डाला वीज न देता नुसता पंप चालू ठेवायचा, प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवायचा आणि दिवसभर वाट पाहायची. कागद कोरडा राहिला तर पुढे.

पंप मिनिटाला चारेक लिटर पाणी फिरवतो. म्हणजे तेच लिटरभर पाणी दर पंधरा सेकंदांनी पुन्हा प्रोसेसरपाशी हजर. दिवसाला सहा तास मशीन चाललं तर १,४४० लिटर, वर्षाला सव्वापाच लाख. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे गेली, तिच्या दहा वाघिणींत पाच लाखांच्या आसपास लिटर पाणी होतं. तेवढी वाहतूक एक लिटर पाणी एका वर्षात, खोलीच्या बाहेर न जाता करतं. उलट बाजूने पाहायचं तर जिंतूर तालुक्यातल्या येलदरी धरणाचा पूर्ण साठा ९३४ दशलक्ष घनमीटर आहे. तो या पंपातून एकदा जाऊ द्यायचा ठरवलं तर चार लाख चव्वेचाळीस हजार वर्षं लागतील.

एवढ्या धावपळीत पाणी किती तापतं? दोन अंश. मिनिटाला चार लिटर या वेगाने ६०० वॉट वाहून नेताना ब्लॉकमध्ये शिरणारं आणि बाहेर पडणारं पाणी यांत जेमतेम २.१ अंशांचा फरक असतो. नवख्याला हे पटत नाही. तो नळीला हात लावून गरम नळी कोणती आणि थंड कोणती ते शोधत बसतो.

आता खरी परभणी. पाणी काहीच थंड करत नाही, ते फक्त उष्णता एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी टाकतं. टाकायची जागा म्हणजे खोलीतली हवा, आणि रेडिएटर हवेपेक्षा थंड कधीच होऊ शकत नाही. या छंदातला ढोबळ नियम असा की रेडिएटरवरच्या १२० मिलिमीटरच्या प्रत्येक पंख्यामागे १०० वॉट धरले, तर पाणी खोलीपेक्षा दहाएक अंशांनी वर राहतं. ६०० वॉटला सहा पंखे. हा नियम बाहेरच्या देशांत लिहिणारे लोक खोली २२ अंशांची धरून लिहितात, त्यांचं पाणी बत्तिशीला थांबतं. मे महिन्यात परभणीत स्लॅबखालची खोली दुपारी ४२ वर असते. पाणी ५२. शिवाय खोलीतल्या हवेचं वजन असतं बत्तीसेक किलो, आणि दारं-खिडक्या बंद असतील, भिंतींनी काही शोषलं नाही, तर ६०० वॉट तिला दर मिनिटाला एक अंश चढवतात. भिंती शोषतात हे खरं, पण मे महिन्यात त्या स्वतःच वाटायच्या मनःस्थितीत असतात.

गंमत अशी की सिलिकॉनला याचं फारसं काही नाही. स्वित्झर्लंडच्या ईटीएच झुरिकमध्ये २०१० साली आयबीएमने ॲक्वासार नावाचा संगणक बसवला, त्याला मुद्दाम ६० अंशांचं गरम पाणी पाजलं जायचं. चिप ८५ च्या आत राहायच्या आणि बाहेर पडलेल्या पाण्याने इमारती उबदार होत. आपल्याकडे अडतं ते नळकामात. डी५ नावाचा जो पंप छंदात सगळ्यात जास्त वापरला जातो, त्याची मर्यादा ६० अंश. पीईटीजी प्लॅस्टिकच्या दिसायला देखण्या नळ्या तेवढ्यालाच नरम पडू लागतात आणि जोडातून सटकू शकतात. परभणीत मेच्या दुपारी आपल्या हातात आठ अंश उरतात. तेव्हा रबरी नळ्या घ्या. दिसायला साध्या, पण जोडात घट्ट बसतात.

किंवा कूलर. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात हे यंत्र विलायती रेडिएटरपेक्षा हुशार आहे. हवा ४२ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर कूलरच्या ओल्या गवतातून येणारी हवा २६-२७ अंशांची असते. रेडिएटर कॅबिनेटबाहेर काढून खिडकीशी, त्या झोतात ठेवला की पाणी पुन्हा ३६-३७ वर येतं. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे २४ लाख ज्यूल घेऊन जातं, त्यामुळे सगळे ६०० वॉट बाहेर फेकायला तासाला एक लिटरपेक्षा थोडी कमी वाफ पुरते. लूपमध्ये तासाला २४० लिटर फिरवून जे काम होतं, ते करायला उडून जाणारं एक लिटर पुरतं. अर्थात कूलर तेवढ्यावर थांबत नाही, तो सगळी खोली थंड करत असतो आणि टाकी संध्याकाळपर्यंत रिकामी करतो.

पाण्याचा हिशेब इथेही संपत नाही. सहा तासांचे ३.६ युनिट होतात. औष्णिक केंद्रांसाठी केंद्र सरकारने २०१५ साली घातलेली मर्यादा जुन्या संचांना एका मेगावॉट-तासाला ३.५ घनमीटर पाण्याची आहे, म्हणजे युनिटला साडेतीन लिटर. कॅबिनेटमध्ये लिटरभर पाणी वर्षभर तेच राहतं, पण त्याला चालवणारी वीज दूर कुठेतरी रोज साडेबारा लिटरपर्यंत पाणी पिऊ शकते. हे पाणी कागदावरचं नाही. शेजारच्या परळीचं औष्णिक केंद्र २०१३ च्या फेब्रुवारीत बंद करावं लागलं ते कोळशाअभावी नाही. सोनपेठ तालुक्यातल्या गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यात पाणीच उरलं नव्हतं.

मोठी मंडळी हाच खेळ मोठ्या पटावर खेळतात. पुण्याच्या आयसरमध्ये २०१९ साली बसलेला परम ब्रह्म सेकंदाला ७९७ लाख कोटी आकडेमोडी करू शकायचा, आणि त्यातही पाणी थेट चिपवरच्या ब्लॉकपर्यंत नेलेलं होतं. सीडॅकचा पहिला परम, १९९१ चा परम ८०००, सेकंदाला शंभर कोटींवर होता. आज टेबलाखालचं ४०९० कार्ड कागदावर त्याच्या ऐंशी हजार पट भरतं, मोजायची रीत थोडी वेगळी असली तरी. अमेरिकेतल्या ओक रिजच्या फ्रंटियर संगणकात चार पंप मिनिटाला जवळपास २२,७०० लिटर पाणी फिरवतात आणि २०२२ साली तो २१ मेगावॉट खात होता. येलदरीचं वीजघर पूर्ण क्षमतेने, तिन्ही संच चालवून, साडेबावीस मेगावॉट देतं. धरण भरलेलं असेल तर.

जुलैत कूलरचा उपयोग संपतो. हवा ३२ अंश आणि आर्द्रता ७५ टक्के असताना तो तीन अंशांपेक्षा जास्त काही देत नाही, नुसता ओलावा वाढवतो. मग जानेवारी. परभणीत पारा दहाच्या खाली जातो, पहाटे खोली पंधरावर येते आणि लूपमधलं पाणी पंचविसावर. मेच्या दुपारपेक्षा सत्तावीस अंशांनी कमी, तोच पंप, तेच सहा पंखे. ज्यांना आपल्या प्रोसेसरचा वेग वाढवून बेंचमार्कचे आकडे मित्रांना पाठवायचे असतील त्यांनी ते संक्रांतीच्या आसपास, पहाटे, खिडकी सताड उघडून काढावेत आणि मे महिन्यात कोणी विचारलं तर तेच दाखवावेत.