जुन्या घड्याळास तबकडी कोणती?

वस्तु मोडली म्हणजे दुरुस्त करावी, हें कोणासही कळतें; परंतु दुरुस्तींत तिचें मूळ रूप कसें राखावें, हा प्रश्न तितका सोपा नाहीं. आमचा एक पुतण्या अमेरिकेंत ओहायो राज्यांत राहतो. शेजारच्या एका वृद्ध बाईंनीं आपल्या आजोबांचें खिशांतील घड्याळ त्यास पाहावयास दिलें होतें. आजोबा रेल्वेंत इंजिनचालक होते. पुतण्याच्या मुलाच्या हातून तें पडून तबकडीचे तुकडे झाले. यंत्र मात्र शाबूत राहिलें. घड्याळांचा आमचा नाद घरांत सर्वांस ठाऊक. म्हणून ‘आतां तबकडी कोणती बसवावी?’ असें त्यानें आम्हांस विचारलें.

हें घड्याळ म्हणजे दागिना नव्हे. एप्रिल १८९१ मध्यें ओहायोंतच किप्टन येथें टपालाची जलद गाडी व उतारूंची गाडी समोरासमोर आदळून अनेक माणसें दगावलीं. एका चालकाचें घड्याळ चार मिनिटें बंद पडून पुन्हा चालूं झालें होतें, असें सांगतात. त्यानंतर क्लीव्हलंडचे जवाहिरे वेब बॉल यांजकडे रेल्वेच्या घड्याळांची तपासणी आली आणि पुढें कडक नियम रूढ झाले. घड्याळ उघड्या तोंडाचें, १६ किंवा १८ मापाचें, निदान १७ खड्यांचें आणि आठवड्यास ३० सेकंदांहून अधिक न चुकणारें असावें. तबकडी पांढरी, तीवर ठळक काळे आंकडे. हलत्या इंजिनांत, कंदिलाच्या उजेडांत, मिनिट एका दृष्टिक्षेपांत कळलें पाहिजे. तबकडीचा साधेपणा ही उणीव नसून तिचें कर्तव्य होय.

पुतण्यास एकानें वेलबुट्टीची रंगीत तबकडी सुचविली. दुसऱ्यानें १ ते ६० असे मिनिटांचे सर्व आंकडे असलेली ‘माँटगोमेरी’ तबकडी पुढें केली. सांता फे रेल्वेच्या घड्याळ-तपासनिसांच्या नांवाची ही तबकडी खरोखर रेल्वेचीच. पण रेल्वेची तेवढ्यानें या घड्याळाची ठरत नाहीं. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें १९६६ सालीं महाभारताची चिकित्सित आवृत्ति पुरी केली. तींतील पाठ कानास गोड लागतात म्हणून घेतलेले नाहींत. पोथ्यांची साक्ष पाहून घेतलेले आहेत. आम्हीं पुतण्यास तोच मार्ग सांगितला.

पहिली साक्ष यंत्राची. तें हॅमिल्टन कंपनीचें ‘९९२’, १६ मापाचें. क्रमांकावरून सुमारें १९१२ चें. १९४० नंतरच्या ‘९९२ बी’ची तबकडी त्यास कालविसंगत. दुसरी साक्ष तुकड्यांची: तांब्यावर पांढरा मिना, तासांचेच आंकडे, मध्यभाग व सेकंदाचें वर्तुळ खोलगट. तिसरी साक्ष पायांची. तबकडीच्या पाठीस तांब्याचे पाय असतात व ते यंत्राच्या भोंकांत बसून बाजूच्या बारीक स्क्रूंनीं आवळले जातात. १६ मापाचें यंत्र १.७ इंच व्यासाचें. १८ मापाची तबकडी त्यास मोठी होते, आणि दुसऱ्या कारखान्याचे पाय जुळत नाहींत. कांहीं लोक पाय कापून तबकडी चिकटवितात. तें करूं नये. स्क्रू सैल न करतां तबकडी उचकटली तर मिना तडकतो, हेंही ध्यानांत ठेवावें.

अखेर त्याच नमुन्याची, त्याच सुमाराची, केसाएवढी चीर असलेली तबकडी मिळाली. पुतण्यानें लिहिलें, “काका, इतकी हुबेहूब आहे कीं बाईंस कळणारही नाहीं.” आम्हीं उत्तरीं लिहिलें, “म्हणूनच सांगितलें पाहिजे. विजोड तबकडी स्वतःच बोलली असती. हिच्याबद्दल तुलाच बोलावें लागेल.”

मुलानें स्वतः जाऊन बाईंस सांगितलें. जुने तुकडे एका डबींत, तबकडी बदलल्याच्या तारखेच्या चिठीसह, घड्याळाजवळ ठेवले आहेत. आपल्या घरींही वडिलांचें घड्याळ असेल, तर दुरुस्तीनंतर अशी एक चिठी अवश्य ठेवावी.