इंग्रजी सर्वनामांचा संदर्भ : अडचण कोठे येते?

‘द कप फेल ऑन द सॉसर अँड इट ब्रोक’ हे वाक्य सातवीतील एखाद्या विद्यार्थ्याने लिहिले, तर त्यात व्याकरणाची चूक काढता येत नाही. कर्ता, क्रियापद व काळ हे सर्व जागच्या जागी असते. तरीही फुटले काय, कप की बशी, हे वाचणाऱ्यास कळत नाही. अशा वाक्याखाली तांबडी रेघ ओढून ‘अर्थ स्पष्ट नाही’ असा शेरा दिला जातो. विद्यार्थी गोंधळतो, कारण त्याच्या मनात अर्थ अगदी स्पष्ट असतो. ‘कप बशीवर पडला आणि ती फुटली’ असे वाक्य त्याने मनाशी जुळविलेले असते, व त्यातील ‘ती’ या एका अक्षराने सर्व उलगडा केलेला असतो. भाषांतरात ‘ती’चे ‘इट’ झाले आणि तो उलगडा वाटेतच गळून पडला.

सर्वनाम ज्या नामाऐवजी येते ते नाम वाचकास चटकन सापडावे, एवढीच या विषयातील मुख्य अपेक्षा होय. मराठीत निर्जीव वस्तूंनाही लिंग असते आणि सर्वनाम व क्रियापद ही दोन्ही ते लिंग दाखवितात. इंग्रजीत सर्व निर्जीव वस्तूंस एकच ‘इट’, आणि अनेकवचनात तर माणसे, जनावरे व वस्तू या सर्वांस मिळून एकच ‘दे’. महाराष्ट्रात सन २००० पासून इंग्रजी पहिल्या इयत्तेपासून सुरू झाली, त्यामुळे ही सर्वनामे मुलांना लवकर पाठ होतात. परंतु मराठी सर्वनामे जे काम करतात ते सर्वच्या सर्व इंग्रजी सर्वनामांकडून होत नाही, ही गोष्ट त्यांना मुद्दाम सांगावी लागते.

‘आपला’ या शब्दाचे उदाहरण याहूनही बोलके आहे. ‘रामाने गोविंदाला आपले पुस्तक दिले’ म्हणजे पुस्तक रामाचे. ‘रामाने गोविंदाला त्याचे पुस्तक दिले’ म्हणजे ते बहुधा गोविंदाचे. (बोलण्यात अलीकडे ही शिस्त ढिली झाली आहे, मराठीच्या तासालाही तिकडे लक्ष पुरविणे इष्ट.) इंग्रजीत दोन्ही ठिकाणी ‘राम गेव्ह गोविंद हिज बुक’ असेच होते. पुस्तक रामाचे असल्यास ‘हिज ओन बुक’ असे लिहावे. गोविंदाचे असल्यास ‘राम गेव्ह गोविंद्ज बुक बॅक टु हिम’ असे लिहिल्याने प्रश्न मिटतो, कारण दिलेली वस्तू परत केली हेही त्यात आले.

सर्वांत अवघड जागा म्हणजे दुसऱ्याचे बोलणे सांगण्याची. मराठीत ‘रामाने गोविंदाला सांगितले की, मी नापास झालो’ असे सहज म्हणतात आणि येथील ‘मी’ म्हणजे राम हे कोणालाही समजते. विद्यार्थी हेच इंग्रजीत उतरवितो : ‘राम टोल्ड गोविंद दॅट आय हॅड फेल्ड’. आता नापास झाला तो राम नव्हे, तर वाक्य लिहिणारा विद्यार्थी स्वतःच! शिक्षक नियमाप्रमाणे ‘आय’च्या जागी ‘ही’ घालावयास सांगतात. नियम पाळला जातो, पण नापास राम झाला की गोविंद, हा नवा प्रश्न उभा राहतो. येथे विद्यार्थ्यास दोष देणे अन्यायाचे होईल. अशा वेळी बोलणाऱ्याचे शब्द अवतरणात तसेच ठेवावेत : ‘राम सेड टु गोविंद, “आय हॅव्ह फेल्ड.”’ संशयास जागाच उरत नाही.

आदरार्थी अनेकवचनामुळे होणारी चूक निराळी. ‘गुरुजी आले. त्यांनी फळा पुसला’ याचे ‘दे’ घालून भाषांतर केले की वाचणारा फळा पुसणारी बरीच माणसे शोधू लागतो. इंग्रजीत एका व्यक्तीस ‘दे’ म्हणण्याचा प्रघात चौदाव्या शतकापासून आढळतो. परंतु तो ती व्यक्ती पुरुष की स्त्री हे ठाऊक नसताना किंवा सांगावयाचे नसताना, आदरासाठी नव्हे.

मराठीचे लिंग प्रत्येक वेळी मदतीस येतेच असेही नाही. ‘बाळाला कच्चे दूध पचत नसेल, तर ते उकळावे’ या वाक्यात बाळ आणि दूध दोन्ही नपुंसकलिंगी असल्याने मराठीतही इंग्रजीइतकाच अनर्थ होतो. हे वाक्य वर्गात सांगितल्यास मुले पोट धरून हसतील आणि पाठही लक्षात राहील. ‘उकळावे’च्या आधी ‘ते दूध’ घातले की बाळ वाचते. नामाची पुनरुक्ती म्हणजे भाषेचे दारिद्र्य, असा समज काही विद्यार्थ्यांच्या मनात निबंधलेखनापासून बसलेला असतो. तो येथे काढून टाकावा.

सरावासाठी नवीन साहित्य लागत नाही. विद्यार्थ्यांनी पाठ्यपुस्तकातील एका परिच्छेदातील प्रत्येक सर्वनामापासून त्याच्या नामापर्यंत पेन्सिलीने बाण काढावा. नंतर तेच स्वतःच्या वहीतील उताऱ्यावर करावे, आणि तो उतारा शेजारच्या विद्यार्थ्याकडे द्यावा. शेजाऱ्याचा बाण दुसऱ्याच नामाकडे गेला, तर ते वाक्य ज्याचे त्याने पुन्हा लिहावे. ‘धिस’ व ‘विच’ हे शब्द मागील संपूर्ण वाक्याऐवजीही येत असल्याने त्यांचा बाण एका नामाशी थांबत नाही. ते प्रथम वगळावेत व हात बसल्यावर घ्यावेत.