रक्तकर्करोगाच्या निदानात पेशींवरील खुणांचा आधार
तीव्र रक्तकर्करोगातील अपक्व पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पुष्कळदा सारख्याच दिसतात. लिम्फॉइड व मायलॉइड या प्रकारांचे औषधोपचार मात्र भिन्न असतात. त्यामुळे पेशींच्या पृष्ठभागावरील प्रथिने तपासली जातात. त्यांना ‘सीडी’ क्रमांक देण्याची पद्धत १९८२ मध्ये पॅरिस येथील परिषदेत सुरू झाली. चमकणारी रंगद्रव्ये जोडलेली प्रतिपिंडे या प्रथिनांना चिकटतात आणि फ्लो सायटोमीटर यंत्रात लेसर किरणांपुढून जाताना एकेक पेशी उजळते. सीडी-१९ हे बी-लिम्फॉइड, तर सीडी-१३ व सीडी-३३ मायलॉइड वंशाकडे निर्देश करतात. टी-पेशींची खूण असलेले सीडी-३ अनेकदा पृष्ठभागावर नसून पेशीच्या आत दडलेले असते. शिवाय मायलॉइड खुणा काही वेळा लिम्फॉइड पेशींवरही आढळतात. म्हणून एकाच खुणेवर विसंबून निदान केले जात नाही, अनेक प्रतिपिंडांचा संच वापरावा लागतो.